पानाची डावी बाजू

नैवेद्याच्या पानात मीठ वर मधोमध वाढतात. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, लोणचे, दह्यात कालवलेले मेतकूट, पापड, कुरडई, भजी, अळूवडी. उजवीकडे पालेभाजी, उसळ, आमटी. मधे वरणभात आणि मोदक. ज्या माणसाला गहू वर्ज्य आहे त्याचे पान वाढताना घरातल्या सगळ्यांचे लक्ष मधल्या भागाकडे जाते. पोळी वाढायची नाही, भात जास्त वाढायचा, की काम झाले असे वाटते. रत्नागिरीच्या पानात मधला भाग बहुधा निर्धोकच असतो. गहू लपलेला असतो तो डाव्या बाजूला, आणि तिथे तो पाकिटातून आलेला असतो.

रत्नागिरी हा गव्हाचा मुलूख नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, कातळ आणि तांबडी माती, आणि गव्हाला लागते तेवढी थंडी न पडणारा हिवाळा. इथली पिके भात आणि नाचणी. १९७२ साली दापोलीला स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगावचे संशोधन केंद्र रत्नागिरी शहराला लागूनच आहे, आणि 'रत्नागिरी-१', 'रत्नागिरी-२४' ही भाताच्या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. सणाचे पदार्थही त्याच धान्याचे. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, खांडवी, घावन-घाटले, आंबोळ्या हे सगळे तांदळाचे. गव्हाची पोळी इथे पूर्वी सणासुदीला किंवा पाहुणा आला तर होई. ती रोजच्या ताटात आली त्यात रेशनचा वाटा मोठा आहे. रेशनवर तांदळाबरोबर गहूही दरमहा घरात येऊ लागला. तरीही श्रावण-भाद्रपदात कोकणी घर आपसूक तांदळाकडे वळते, आणि गहू न चालणाऱ्या माणसाला हा काळ खरे तर सोपा जायला हवा.

ग्लूटेन म्हणजे गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतली प्रथिने. कणीक मळली की ती ताणली जाते, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, हे सगळे ग्लूटेनचे काम. सीलिअॅक या आजारात हेच प्रथिन पोटात गेले की शरीराची रोगप्रतिकारक शक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अन्न शोषून घेणारे बारीक केसाळ उंचवटे झिजतात, आणि माणूस भरपेट जेवूनही कुपोषित राहतो. गव्हाशी असलेले हे नाते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उलगडले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याच्याकडची आजारी मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. त्याचा प्रबंध १९५० साली आला. आजही या आजारावर औषध नाही. उपाय एकच, जन्मभर ग्लूटेन टाळणे. उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या भागात हा आजार जास्त आढळतो, पण मुंबई-पुण्यातही निदान होते आणि गणपतीला ती माणसे गावी येतात.

किती ग्लूटेन चालते याचे आकडे समजून घेतल्याशिवाय पाकिटांची पारख होत नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लूटेन-फ्री' लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. बहुतेक देश हीच मर्यादा मानतात. एक ग्रॅम कणकेत सुमारे ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे किलोभर तांदळाच्या पिठीत एक ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा चार-पाच पटींनी ओलांडली जाते. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलेल्या रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, पोळी लाटताना पोळपाटावर भुरभुरतो त्यापेक्षाही कमी. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिले तर बहुतेकांना बाधत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

रत्नागिरी शहरात गणपतीच्या दिवसांत नैवेद्याची ताटे करून देणारी घरगुती स्वयंपाकघरे आहेत. बंद घर उघडून दोन दिवसांत सगळा सण उभा करायचा असलेले चाकरमानी त्यांच्याकडे मागणी नोंदवतात. अशाच एका स्वयंपाकघरात सीलिअॅक असलेल्या शाळकरी मुलीचे पान सांगितले गेले. मुलीच्या आईने मुंबईहून निघताना 'ग्लूटेन-फ्री' छापलेली दहा-बारा पाकिटे बरोबर आणली होती. नंतरच्या सणांतही अशी पाकिटे आणून, करून, चाखून पाहण्यात आली. पुढची निरीक्षणे त्या कामातून जमलेली आहेत.

पहिला धडा हिंगाचा. हिंग म्हणजे एका डोंगरी झाडाच्या मुळातून निघणारा, वाळून घट्ट झालेला चीक. तो इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही, म्हणून डिंक आणि पीठ घालून सौम्य करतात. यालाच बांधानी हिंग म्हणतात. हे पीठ पुष्कळदा मैदा किंवा कणीक असते. डबीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलेही असते, पण हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचायची सवय कुणाला असते? फोडणीला चिमूटभर हिंग म्हणजे साधारण पाव ग्रॅम. त्यात निम्मे पीठ धरले तर त्या चिमटीत दहा-बारा मिलिग्रॅम ग्लूटेन. चौघांच्या आमटीत ते वाटले गेले की एकाच्या वाट्याला अडीच-तीन. आमटी, उसळ, भाजी, कोशिंबिरीची फोडणी, लोणचे, पंचामृत असे सहा पदार्थ एका पानात आले की बेरीज पंधराच्या पुढे जाते. हा ढोबळ हिशेब आहे, तरी पोळीला हातही न लावता केवळ डाव्या-उजव्या बाजूने दिवसाची मर्यादा कशी ओलांडली जाते ते त्यातून दिसते. त्या पहिल्या वर्षी भात, मोदक, भाजी सगळे जपून केले होते, आणि मिसळणाच्या डब्यातला हिंग नेहमीचाच होता. डबी हातात घेऊन वाचली गेली ती आमटी उतरवल्यावर. आमटी पुन्हा टाकावी लागली, आणि जेवण दोन तास लांबले.

तांदळाच्या पिठीवर बांधलेला हिंग आता पाकिटात मिळतो, आणि 'ग्लूटेन-फ्री' छापलेल्या सगळ्या वस्तूंत खऱ्या अर्थाने पैसे वसूल करणारी वस्तू हीच. वासात फरक जाणवत नाही. तेल फार तापले तर हा हिंग लवकर करपतो, म्हणून मोहरी तडतडल्यावर आच कमी करून घालावा. सणाच्या स्वयंपाकात एकच बदल करायचा ठरवला तर तो हिंगाचा करावा आणि सगळ्या घरासाठी करावा. दोन हिंग ठेवले की घाईत चमचे बदलतात.

मेतकुटाची गोष्ट याच जातीची. हरभरा डाळ, तांदूळ, उडीद डाळ भाजताना मूठभर गहू घालायची जुनी रीत आहे, आणि वर हिंग असतोच. बाजारातल्या बहुतेक पाकिटांवर घटकांत गहू लिहिलेला दिसतो. गहू वगळून केलेली पाकिटे आणून पाहिली. त्यांत गव्हाऐवजी नुसता तांदूळ वाढवलेला होता, त्यामुळे दह्यात कालवल्यावर ते पातळ पडत होते आणि खमंगपणा उणा वाटत होता. घरी डाळी जरा जास्त भाजून, गव्हाच्या जागी थोडी मुगाची डाळ घालून केलेले मेतकूट त्याहून सरस उतरले. थालिपिठाच्या भाजणीतही गहू असतोच असे धरून चालावे. चकलीची भाजणी सहसा तांदूळ आणि डाळींची, पण तयार पिठात काय काय आहे हे दर वेळी वाचायलाच हवे.

कुरडई म्हणजे तर गव्हाचा चीकच. तिला पर्याय कोकणातच आहेत. तांदळाच्या कुरडया आणि फेण्या, नाचणीचे पापड, पोह्यांचे मिरगुंड, फणसाचे पापड, कोहळ्याचे सांडगे उन्हाळ्यात घरोघरी आणि बचत गटांकडे होतात. यांतले काही गट आता पिशवीवर 'ग्लूटेन-फ्री' छापून घेऊ लागले आहेत. पदार्थ मुळात तांदळाचा किंवा नाचणीचा असल्याने तसे लिहिणाऱ्या बाईच्या मनात खोट नसते. पण ज्या फळीवर पापड लाटले तिथे आधी पोळ्या लाटल्या होत्या का, लाटायला पिठी कसली घेतली, पापडात घातलेला हिंग कुठला, हे प्रश्न शिल्लक राहतात. पिशवीवरचा अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक व्यवसायाची नोंद झाली एवढेच सांगतो. त्या पिशवीतला माल ग्लूटेनसाठी तपासला आहे असा त्याचा अर्थ नाही. ओळखीच्या गटाला हे तीन प्रश्न विचारले तर बायका मनापासून उत्तर देतात, आणि एका गटाने पुढच्या उन्हाळ्यात वेगळे पोळपाट-लाटणे ठेवून पापड करून दिले. कारखान्यातल्या पाकिटाशी असे बोलता येत नाही.

अळूवडी गोठवलेल्या उंड्यांच्या रूपात मिळते. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेली आणून वाफवून, तळून पाहिली. बेसन जाड थापलेले, चिंच-गूळ बेताचा आणि पान कोवळे नसल्यामुळे घशाला किंचित खाज. भाद्रपदात रत्नागिरीत परसात आणि आठवड्याच्या बाजारात अळूची पाने लागतील तेवढी मिळतात, तेव्हा या पाकिटाची गरज उरत नाही. शिवाय पावसाळ्यात गावाकडे वीज गेली की फ्रीज बंद, आणि गोठवलेला माल मऊ पडतो. खरा प्रश्न बेसनाचा आहे. बेसन हरभऱ्याचे, त्यात ग्लूटेन नाही. पण ज्या गिरणीत किंवा कारखान्यात गहूही दळला जातो तिथे ते मिसळते. अशा पाकिटावर 'गव्हाचे अंश असू शकतात' अशा अर्थाची ओळ पुष्कळदा असते. २०२०च्या लेबलिंग नियमांत ग्लूटेन असलेली धान्ये ठळकपणे सांगण्याची सक्ती आहे. 'ग्लूटेन-फ्री' छापलेले, अंशांची ओळ नसलेले बेसन निवडले की अळूवडी, भजी, पीठ पेरून केलेली भाजी आणि कढी हे सगळे एकदम सुटते. सुटे बेसन या कामासाठी कधीच घेऊ नये.

पाकिटांच्या शोधात एक गोष्ट उशिरा लक्षात आली. वाण्याच्या दुकानात उपवासाची भाजणी, वरी, साबुदाणा, शिंगाड्याचे आणि राजगिऱ्याचे पीठ वर्षानुवर्षे मिळते आणि यांतल्या कशातही गहू नसतो. उपवासाला गहू चालत नाही, हिंगही चालत नाही. म्हणून ही पिठे करणारे त्या दोन्ही गोष्टी बाहेर ठेवतात. धर्माच्या कारणाने पाळलेली ही शिस्त सीलिअॅकच्या माणसालाही उपयोगी पडते. दळताना मिसळ होण्याचा धोका इथेही आहे, तो विचारून घ्यावा लागतो. तरी ग्लूटेन-फ्री पिठाच्या परदेशी धाटणीच्या महाग पाकिटापेक्षा राजगिऱ्याच्या पिठाची पुरी त्या मुलीला जास्त आवडली, आणि ती घरातल्या उपास असलेल्या आजीच्या पानातही होती. दोघींचे पान त्या दिवशी एकसारखे झाले.

ग्लूटेन-फ्री आट्याची पाकिटे मात्र निराश करतात. त्यांत ज्वारी, तांदूळ, मका, साबुदाण्यासारखा स्टार्च आणि चिकटपणासाठी झँथन गम किंवा इसबगोल असतो. त्याची साधी पोळी गरम असताना बरी लागते. निवली की वातड होते. पुरणपोळीला हे पीठ पुरत नाही. पारी पुरणावर ताणताना कडेला चिरते, प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटली तरी तव्यावर टाकताना तुटते आणि पुरण बाहेर येते. गणपतीत मोदक असल्याने पोळीची उणीव भासत नाही, पण शिमग्याला पुरणपोळीच हवी असते. तिथे हे पीठ वापरून सहा प्रयत्न झाले आणि एकही पोळी अखंड उतरली नाही. तेच पुरण पातोळीत भरून वाफवले तर सुरेख लागते, आणि मग पोळीची आठवण काढायचे कारण राहत नाही.

या फसलेल्या पोळीतून मोदकाचे मोल कळले. तांदळात ग्लूटेन नाही, तरी मोदकाची पारी पाकळीसारखी पातळ होते, तिला कळ्या पडतात, वाफेत ती फुटत नाही. हे काम उकड करते. उकळत्या पाण्यात पिठी घालून झाकण ठेवले की तांदळातला स्टार्च फुगून चिकट होतो, आणि गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळल्याने त्याला एकसंधपणा येतो. पाकिटातला गम जे करायचा प्रयत्न करतो ते कोकणातल्या बायकांनी नुसत्या आधणाने साधलेले आहे. तयार मोदक पिठीची पाकिटे चांगली असतात. त्यांत तांदळाशिवाय काही नसेल आणि वर गव्हाची सूचना नसेल तर बिनधास्त घ्यावीत. गिरणीतून दळून आणलेली पिठी मात्र या कामाला चालत नाही. आधीच्या दळणाचा गहू जात्याच्या पाळीत आणि कापडी नळीत राहिलेला असतो, आणि तो आपल्या पहिल्या दोन-तीन किलोंत उतरतो. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरघंटीवर दळणे हा खात्रीचा मार्ग, अर्थात त्या घरघंटीवर गहू दळत नसतील तर.

लेबल वाचताना काही शब्दांनी गोंधळ होतो. 'व्हीट-फ्री' म्हणजे गहू नाही. पण सातू असू शकतो, आणि त्यात ग्लूटेन आहे. घरगुती सातूच्या पिठात तर बहुधा गहूच असतो. 'माल्ट' लिहिलेले असेल तर ते सहसा सातूचे. नाचणीचे माल्ट वेगळे, आणि ते चालते. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली आवडीने घेतात, पण तोही गहूच; सीलिअॅकला पूर्ण वर्ज्य. ओट्सही गव्हाबरोबर पिकतात-दळले जातात, आणि आपल्या लेबलिंग नियमांत त्यांची गणना ग्लूटेनच्या धान्यांतच आहे.

स्वयंपाकघरातले काम पाकिटापेक्षा अवघड. ज्या तेलात पुऱ्या किंवा रव्यात घोळवलेली कापे तळली त्यात अळूवडी तळता येत नाही. ग्लूटेन तापवल्याने नाहीसे होत नाही. म्हणून त्या पानाचे तळण पहिल्यांदा, नव्या तेलात. लाकडी पोळपाट, उलथने, चाळण यांच्या फटींत पीठ राहते. ती वेगळी ठेवावी लागतात. शेवटी सुचलेला उपाय सर्वांत सोपा होता. गणपतीच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून गहू पूर्ण बाहेर काढला गेला. पुऱ्या राजगिऱ्याच्या, कापे तांदळाच्या पिठीत, हिंग एकच. सव्वीस ताटे गेली आणि एकाही घरातून वेगळे काही लागले असा निरोप आला नाही.

दुसऱ्यांच्या घरचा प्रसाद ही त्याहून नाजूक बाब. आरतीनंतरची खिरापत खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर यांची असते आणि चालते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, म्हणजे गव्हाचाच. हात पुढे करून न खाणे लहान मुलीला जमत नाही, आणि वाढणाऱ्या बाईलाही वाईट वाटते. "एवढ्याशानं काय होतंय, बाय?" या प्रश्नात माया असते, तिला मिलिग्रॅमचा हिशेब सांगता येत नाही. दोन घरांत त्यावर तोड निघाली. तांदळाच्या कण्या तुपावर गुलाबी भाजून, दूध, साखर आणि केळे सव्वाच्याच मापाने घालून प्रसाद केला. कण्यांना रव्यापेक्षा दूध थोडे जास्त लागते आणि झाकण ठेवून मुरवावे लागते. गुरुजींनी हरकत घेतली नाही. तिसऱ्या घरी मुलीच्या हातावर तुळशीचे पान आणि केळ्याचा तुकडा ठेवण्यात आला.

दिवाळीला हीच यादी पुन्हा काढावी लागते. चिवडा पोह्यांचा, अनारसे तांदळाचे, लाडू बेसनाचे. करंजी, चिरोटे आणि शंकरपाळी मैद्याची. फराळाची ताटे शेजारी-पाजारी फिरतात आणि एकाच ताटात शंकरपाळीचा चुरा चिवड्यावर सांडतो, म्हणून त्या मुलीचा डबा आधी भरून, झाकण लावून वेगळा ठेवतात.